लाइट हलला

अमडापूर
४ जानेवारी २०२४

शालिग्रामकाकांना, अमडापूरहून सुचिताचा नमस्कार.

आपली ओळख नाही. तुमचा पत्ता मला जयमालाताईंनी दिला, बीबीच्या नारायणरावांच्या मुलीने. त्या म्हणाल्या, तुम्ही पंधरा वर्षं लग्नांचं शूटिंग केलं, सगळ्या कॅसेटी संगणकात उतरवल्या आणि आता ज्याला हव्या त्याला टोरंटने, म्हणजे नेटवरून थेट संगणकातून संगणकात, देता. पैसे घेत नाही. फक्त आधी हाताने लिहिलेलं पत्र पाठवावं लागतं. मी तरीही दोनदा फोन करून पाहिला. तुम्ही उचलला नाही. म्हणून हे पत्र.

माझं माहेर बीबी. वडील तुळशीराम, भाजीपाला करायचे. नारायणरावांच्या मळ्याला लागून आमचं दीड एकर होतं. आई सुभद्राबाई. ती १९९७ साली गेली तेव्हा मी सहा वर्षांची होते. वडीलही आता नाहीत. आईचा एकच फोटो माझ्याकडे आहे, मतदार ओळखपत्रावरचा. झेरॉक्स सोबत जोडली आहे. नाक कुठे संपतं आणि सावली कुठे सुरू होते, ते त्यात कळत नाही. माझ्या सासूबाई म्हणतात, ह्या फोटोवर हिला मत कसं काय देऊ दिलं?

१९९६ साली जयमालाताईंच्या लग्नात आई दोन दिवस त्यांच्या घरी होती. भाजी आमच्याच मळ्यातली गेली होती. ताईंची स्वतःची कॅसेट व्हीसीआरमध्ये गुंतून तुटली. तुमच्याकडे ती असेल.

मला आईला हलताना पाहायचं आहे. पाटी उचलताना, पदर खोचताना, काहीही. चार सेकंद असली तरी चालेल.

तुमची,
सुचिता
(गणेश ऑनलाइन सेंटर, बाजार रोड. गणेश म्हणजे माझे मिस्टर.)


सुलतानपूर
११ जानेवारी २०२४

सौ. सुचिताताई,

पत्र पोहोचलं. अक्षर वाचता येतं, ही मोठी गोष्ट आहे.

पत्राचा नियम असा आला. पाच वर्षांपूर्वी एकाने फोनवर गोड बोलून लग्न मागून घेतलं आणि त्यातला नवरीच्या नाचाचा तुकडा कापून मोबाइलवर फिरवला. ती नवरी आता आजी आहे. तेव्हापासून जो आपलं नाव-गाव आपल्या हाताने लिहितो, त्यालाच देतो. ज्या घरांनी नको म्हटलं, त्यांची लग्नं मी काढून टाकली. अशी अकरा निघाली. उरलेली एकशे बारा आहेत. सगळी मिळून दोनशे बारा जीबी.

सोबत आलेखाचा कागद आहे. त्यात चाळीस चौकोन भरले आहेत, एका चौकोनात एक अक्षर किंवा आकडा. शून्याच्या पोटात टिंब दिलं आहे. हे सगळं टोरंटच्या प्रोग्राममध्ये जसंच्या तसं टाका. एक चुकलं तरी काही येणार नाही.

जयमालाचं लग्न म्हणजे कॅसेट ३७. फक्त तेवढीच निवडता येते, पण मी सांगेन की सगळं घ्या. तुमच्याकडे जे उतरतं, ते तुमच्याकडून पुढच्याला जातं. माझी एकच अट आहे. जितकं घेतलं, त्याच्या दुप्पट तुमच्याकडून जाईपर्यंत प्रोग्राम बंद करायचा नाही.

३७ बद्दल आधीच माफी मागून ठेवतो. हळद घरात होती आणि त्या घरात भर दुपारीही अंधार असे. त्यात सात मिनिटं लाइट हलतो. मधेच नवरीला सोडून भलतीकडे जातो. माझा मेहुणा गोपाल लाइट धरायचा, हा त्याचा हलगर्जीपणा.

शालिग्राम


अमडापूर
२४ जानेवारी २०२४

शालिग्रामकाका,

चाळीस अक्षरं बरोबर पडली. यादी उघडली तेव्हा मी खुर्चीत नीट बसले. एकशे बारा नावं. त्यातली निम्मी माझ्या माहेरच्या आजूबाजूची.

पण आज नववा दिवस आणि फक्त चार टक्के आलं आहे. ह्या वेगाने मी माझ्याच मुलीच्या लग्नाला पोहोचेन, आणि मला मुलगी नाही.

खरं विचारते. तुम्हाला द्यायचं नाही का? नसेल तर तसं लिहा. मी तुम्हाला पुन्हा तीनदा फोन केला. घंटा वाजते, कुणी उचलत नाही. जयमालाताई म्हणतात, काका आधी असे नव्हते. लग्नात सगळ्यांशी बोलायचे.

माझ्याकडून काही चूक नाही. लाइन दुकानाची आहे, चांगली आहे. गिऱ्हाइकांचे फॉर्म अडू नयेत म्हणून अपलोड मी सगळ्यात कमी ठेवलं आहे. एक. जोडण्यांच्या जागी पाचशे टाकलं आहे, म्हणजे जास्त लोकांकडून येईल. आणखी काय करणार?

आणि एक विचारायचं राहिलं. जयमालाताई म्हणाल्या, तुमच्याकडे एक वही आहे. कुठल्या कॅसेटमध्ये कोण दिसतं, ते तुम्ही त्यात लिहून ठेवलं आहे. आईचं नाव आहे का हो त्यात?

सुचिता


सुलतानपूर
३० जानेवारी २०२४

सौ. सुचिताताई,

चूक तुमचीच आहे. सांगतो.

अपलोड एक ठेवलं, हा पहिला दोष. समोर हेच टोरंट चालू ठेवलेले जे चौदा-पंधरा जण आहेत, त्यांच्यातल्या अर्ध्यांचंही काम अपुरं आहे. तेही घेतायत. त्यांचे प्रोग्राम बघतात की हिच्याकडून काही येतं का. येत नसेल तर तुमचा नंबर मागे जातो. पंगतीत वाढायला न उठणाऱ्याला वाढपी जसा शेवटी गाठतो, तसं. आणि काही प्रोग्राम, देणं फार कमी ठेवलं की आपणहून घेणंही कमी करतात. म्हणून लाइनची देण्याची ताकद आधी मोजा आणि त्याच्या पाऊण भाग तिथे टाका. पूर्ण टाकू नका. पूर्ण टाकलं तर लाइन तुंबते आणि फॉर्मवाले तुमच्या मिस्टरांना शिव्या घालतील.

पाचशे जोडण्या हा दुसरा दोष. दुकानातला राउटर स्वस्तातला असतो, त्याचं डोकं फिरतं. ऐंशी टाका.

तिसरं म्हणजे पोर्ट. प्रोग्राममध्ये खाली एक लहान खूण असते. ती हिरवी नसेल, तर बाहेरच्या कुणाला तुमचं दार ठोठावता येत नाही. तुम्ही ज्याच्याकडे जाल तेवढंच तुमचं. राउटर उघडून तिथे प्रोग्रामचं पोर्ट मोकळं करायचं असतं. त्याला राउटरचा पासवर्ड लागतो. तो केबलवाल्याकडे असतो आणि तो देत नाही. चहा पाजून घ्या.

माझा संगणक दिवसा दहा ते चार चालू असतो. लाइट गेली तर बंद. हे मी आधी लिहायला हवं होतं. तो दोष माझा.

फोनचं पुढे कधीतरी लिहीन.

शालिग्राम


अमडापूर
१२ फेब्रुवारी २०२४

शालिग्रामकाका,

तुमचं पत्र गणेशला मोठ्याने वाचून दाखवलं. शिव्यांचं ऐकून तो म्हणाला, हा माणूस मले ओळखते का?

अपलोड वाढवलं. पाचशेचे ऐंशी केले. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तर चारचे बारा झाले होते. तिसऱ्या दिवशी बावीस. मी दुकानात झेरॉक्स काढता काढता त्याच्याकडे बघत राहायची. देणाऱ्या-घेणाऱ्यांच्या यादीत सुरतचा एक आहे, पुण्याचे चार आणि मस्कतचा एक. तिथे कोण आहे आपलं?

तुकडे ओळीने येत नाहीत, हे मला माहीत नव्हतं. कॅसेट ८ अर्धी आली तेव्हा उघडून पाहिली. नवरदेव घोड्यावर बसतो आणि मग एकदम सगळे जेवतायत. मधलं लग्न अजून मस्कतला आहे.

जी पूर्ण आली, ती बघते. दुपारी दुकानात कुणी नसतं. रामरावांच्या पुष्पाबाई मी पाच लग्नांत पाहिल्या. पाचही ठिकाणी त्या कुणाच्या तरी पानात एक पोळी जास्त टाकतायत. त्यांची नातसून काजल आमच्याच गल्लीत राहते. तिला दुकानात बोलावून दाखवलं. ती म्हणाली, हाव, मरेपर्यंत असंच करत होती, खायला घालून घालूनच नवरा मारला तिनं. आणि हसता हसता रडली. काका, तुमच्या कॅसेटी अशा आहेत.

आता तक्रार. परवापासून ९९.६ वर थांबलं आहे. हलत नाही. बाकी सगळी लग्नं पूर्ण झाली. अपुरी एकच आहे, ३७. सगळ्यात आधी तीच घ्यायला मी सांगितलं होतं, तरी ती बासष्ट टक्क्यांवर आहे. जिथे हळद सुरू होते, तिथे चित्र थिजतं आणि पुढे विदाई येते.

पोर्टचं राहिलं आहे. केबलवाला दोन चहा प्यायला आणि निघून गेला.

वहीचं तुम्ही उत्तर दिलं नाही. मी दोन्ही पत्रं पुन्हा वाचली.

सुचिता


सुलतानपूर
१६ फेब्रुवारी २०२४

सौ. सुचिताताई,

पत्र मिळालं. आता सगळं एकदाच लिहितो.

माझ्याकडेही ९९.६ च आहे. दोन वर्षांपूर्वी माझी हार्ड डिस्क गेली. मूळ कॅसेटींना बुरशी आली होती, त्या आधीच भंगारात दिल्या होत्या. तेव्हा मी ज्यांना दिलं होतं त्यांच्याकडूनच टोरंटने माझंच सगळं परत घेतलं. ३७ मधले काही तुकडे आले नाहीत. ते आज चालू असलेल्या कुणाहीकडे नाहीत. तुम्ही अपलोड कितीही करा, पोर्ट सोन्याचं लावा, जे कुणाकडेच नाही ते येणार नाही. हे मला पहिल्या पत्रालाच माहीत होतं. वाटलं, कुणीतरी जुना माणूस चालू होईल. तुम्ही नऊ दिवसांत चार टक्क्यांवर होता, म्हणून सांगायचं टळलं.

दुसरं, फोन. मला ऐकू येत नाही. पंधरा वर्षं बँडच्या आणि भोंग्याच्या पुढे कॅमेरा घेऊन उभा राहिलो. आधी डावा कान गेला, मग उजवा. मशीन लावून पाहिलं, त्यात नुसतं गरगर ऐकू येतं. कॅसेटी मी संगणकात उतरवल्या, त्या नुसत्या डोळ्यांनी.

तिसरं, वही. तुमचं पहिलं पत्र आलं त्याच दिवशी बघितली. ३७ च्या पानावर एकेचाळीस नावं आहेत, सुभद्राबाई नाव नाही. ओळखता न आलेल्यांचीही मी खूण लिहितो, जसं की हिरवं लुगडं, कपाळावर व्रण. झेरॉक्स घेऊन त्या खुणा तपासल्या. डिस्क जाण्याआधी ती कॅसेट मी तीन-चार वेळा पाहिली होती. ताई, तुमच्या आई त्यात दिसत नाहीत. बाकीच्यांतही नाहीत. मला लिहवत नव्हतं.

तरी तुम्हाला पूर्ण पाहिजे असेल, तर एक रस्ता आहे. बीबीचे धम्मरत्न सर. संगणक मला त्यांनीच शिकवला, आणि सगळ्यात आधी सगळं उतरवून घेणारेही तेच. परवा एसटीने जाऊन आलो. त्यांचा जुना लॅपटॉप कपाटात होता, वर सोयाबीनच्या पावत्या. चालू केला. ३७ पूर्ण आहे.

मी पेनड्राइव्ह नेला होता. लॅपटॉपची ती भोकं गेली आहेत. आता फक्त वायफाय चालतं, तेही सरांच्या मोबाइलवरचं. मोबाइलच्या नेटवर बाहेरून कुणाला आत येता येत नाही. म्हणजे सर तुमच्याकडे येऊ शकतात, तुम्ही सरांकडे जाऊ शकत नाही. तुमचं दारही बंद असेल तर दोघे आपापल्या घरात बसून राहाल. माझं पोर्ट माझ्या नेटच्या कंपनीने उघडायला नकार दिला आहे. राहिलं तुमचं.

रविवार २५ फेब्रुवारी, सकाळी अकरा ते दोन. सर सुट्टीवर आहेत, लॅपटॉप चालू ठेवतील. मी त्यांच्याकडेच असेन. त्याची बॅटरी मेली आहे, लाइट गेली तर तो बंद. तेव्हा लाइट असेल असं धरून चालू. त्याआधी केबलवाल्याला गाठा. दोन चहांनी होणार नाही.

शालिग्राम


अमडापूर
२५ फेब्रुवारी २०२४, दुपार

काका,

घाईत लिहिते, म्हणजे पत्र उद्याच्या टपालात जाईल.

तुमचं पत्र वाचून मी दोन दिवस प्रोग्राम उघडून पाहिला नाही. मग गणेश म्हणाला, नाही तं नाही, पण आता ते ९९.६ मले दुकानात बसून पाह्यवत नाही. त्याने केबलवाल्याला घरी जेवायलाच बोलावलं. सासूबाईंनी मांडे केले. तिसऱ्या मांड्याला पासवर्ड मिळाला.

आज साडेदहापासून बसले होते. खूण हिरवी होती. अकरा वाजले, काही नाही. अकरा दहा झाले. अकरा सतराला यादीत एक नवीन नाव आलं, त्याच्यापुढे शंभर टक्के लिहिलेलं. मी गणेशला म्हटलं, आले. जणू तुम्ही दारात चप्पल काढताय.

९९.७. मग बराच वेळ तेच. मग ९९.९. बारा वाजून सहा मिनिटांनी पूर्ण झालं. दुकानात तीन गिऱ्हाइकं होती, त्यांनाही पेढे दिले. कशाचे ते त्यांनी विचारलं नाही.

अजून पाहिलं नाही. आई नाही हे माहीत असल्यामुळे घाई नाही.

सरांना सांगा, बंद करायला हरकत नाही.

सुचिता


अमडापूर
६ मार्च २०२४

शालिग्रामकाका,

दहा दिवस लिहिलं नाही. आधी मला तेवढंच तेवढंच पुन्हा बघायचं होतं.

तुम्ही लिहिलं ते खरं आहे. आई त्यात दिसत नाही. मी एक-एक चेहरा थांबवून पाहिला.

आता मी लिहिते ते सावकाश वाचा. तुमचं सात मिनिटांचं खराब शूटिंग. हळदीची खोली. जयमालाताई पाटावर. अंधार आहे, फक्त बांगड्या चमकतात. तेवढ्यात तुमचा आवाज येतो, अगदी जवळून. तुम्ही म्हणता, "गोपाल! अबे गोपाल! कुठं मेला हा?"

एक बाई: "जेवाले बसला तो. बुंदीचं ताट पाह्यलं अन् गेला."

तुम्ही: "वैनी, हा लाइट धरता का जरा? दोनच मिनिटं."

दुसरी बाई: "मी? करंट तं नाही लागत ना बाप्पा?"

तुम्ही: "नाही लागत. वर धरा. असा."

मग खोली उजळते. आणि पहिली बाई म्हणते, "सुभद्रे, नीट धर वं. नवरीच्या तोंडावर पाड. तिच्या आत्याच्या नको."

आणि ती दुसरी, जिच्या हातात लाइट आहे, ती म्हणते, "आत्याच्या कायले पाडू? अंधारातच बरी दिसते ते."

सगळ्या बाया हसतात. लाइट हलतो.

तुम्ही: "हलवू नका वैनी."

"मी कुठं हलवून राह्यली? हसू हलवून राह्यलं."

काका, तिचा आवाज जाड आहे. मला वाटायचं बारीक असेल. फोटोत ती इतकी घाबरलेली दिसते की मी तिला बारीकच आवाज देऊन ठेवला होता. ती गाणं सुरू करते आणि बाकीच्या तिच्या मागून म्हणतात. ती शेवटचा शब्द ओढते. मीही ओढते. गणेश मला त्यावरून चिडवतो. कुठून आलं, ते आता कळलं.

चौथ्या मिनिटाला तुम्ही म्हणता, "वैनी, लाइट त्या बाईंकडे द्या, तुम्हाले बी घेतो एक डाव." ती म्हणते, "मले? नको भाऊ. पाहा ना, हाताले मेथीचा चिखल हाय अजून. नवरीले घ्या. मी काय, इथंच आहो."

मग ते, ज्याला तुम्ही भलतीकडे म्हणता. नवरीच्या डाव्या बाजूने एक मुलगी येते. पिवळा फ्रॉक, नाकाला शेंबूड, हातात बुंदीचा लाडू. ती चालत वायरकडे जाते. लाइट नवरीला सोडतो आणि तिच्या मागोमाग जातो. नवरी अंधारात. आणि आवाज येतो, "छकुले! वायरले हात नको लावू. इकडे ये. माह्या पाठीमागं उभी राह्य."

मुलगी लाइटकडे वळते. डोळे मिचकावते. कॅमेऱ्याच्या थोडं डावीकडे बघते आणि हसते. मग चौकटीबाहेर जाते. लाइट थोडा वेळ तिथेच राहतो, रिकाम्या भिंतीवर. मग परत नवरीवर येतो.

मला छकुली म्हणत होते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तो फ्रॉक मात्र मला आठवतो.

तुम्ही बघितलं नाही असं नाही. तुम्ही सगळं नीट बघितलं. त्यात बघण्यासारखं नव्हतंच.

आणखी एक. तुमचा स्वतःचा आवाज तुम्हाला आठवतो का, माहीत नाही. शब्दांच्या शेवटी तुम्ही हसता. कुणावर ओरडतानाही हसता. "कुठं मेला हा" म्हणतानाही.

माझं देणं दुप्पट कधीच झालं आहे. प्रोग्राम बंद केलेला नाही, करणारही नाही. पण मला तुम्हाला वेगळं काही द्यायचं आहे. एकशे बाराही लग्नांत कोण काय बोलतं, ते मी लिहून पाठवते. दुपारी दुकानात कुणी नसतं. आठवड्याला दोन लग्नं होतील. कॅसेट १ सोबत जोडली आहे, अकरा पानं. तिसऱ्या पानावर नवरदेवाचा मामा तुम्हाला काय म्हणतो ते वाचा, मात्र एकटे असताना वाचा.

तुमची,
सुचिता


सुलतानपूर
१३ मार्च २०२४

सुचिता,

तुझ्या आईला मी वैनी म्हणालो होतो. तेव्हा आता ताई आणि तुम्ही बंद.

तुझं पत्र धम्मरत्न सरांना दाखवलं. त्यांनी वाचून चष्मा पुसला आणि म्हणाले, लॅपटॉप कपाटात ठेवणार नाही. टेबलावर राहू देतो. जमेल तितका वेळ चालू.

३७ काल पुन्हा लावली. तुझी पानं मांडीवर घेऊन बसलो. लाइट कधी हलतो, ते बघायचं आणि पानावर बोट ठेवायचं. दोन वेळा चुकलं. तिसऱ्या वेळी जुळलं. खालून वर असा हलतो. माणूस पोटातून हसतो तेव्हा हात तसा हलतो. लाइट मीच वैनींच्या हातात दिला, हे पार विसरून अठ्ठावीस वर्षं मी तो हलगर्जीपणा समजलो.

गोपाल लोणारला असतो. त्याला मी त्या सात मिनिटांवरून दर दिवाळीला ऐकवत आलो आहे. परवा जाऊन सांगितलं की तू नव्हतास, तू जेवत होतास. त्याने पाटीवर लिहून दाखवलं: मी तेव्हापासून हेच सांगतोय, तुला ऐकूच येत नाही.

मामाचं वाचलं. त्याला तेव्हाच फ्रेममधून बाहेर काढायला हवं होतं.

कॅसेट २ पाठव. घाई नाही. पण बँड काय वाजवतो, तेही लिहीत जा. गाण्याचं नाव पुरे. बाकी माझ्या ध्यानात आहे.

गेल्या आठवड्यात माझ्याकडेही १०० झालं. शेवटचे तुकडे तुझ्याकडून आले, अमडापूरहून.

वहीत ३७ च्या पानावर खाली लिहिलेलं होतं, लाइट हलला, भाग खराब. ते खोडलं. ज्यांची नावं आहेत त्यांच्याखाली दोन ओळी घातल्या.

४२. छकुली. पिवळा फ्रॉक.
४३. सुभद्राबाई. लाइट.

शालिग्रामकाका